वारा वेगळा, गारवा वेगळा



पाऊस तोंडावर आला की घरोघर छत्र्या, रेनकोट आणि गळक्या पन्हाळी यांची डागडुजी निघते. त्याच यादीत दारातली गाडीही असते. टायर, ब्रेक, वायपर यांची आठवण सगळ्यांना राहते. राहत नाही ती डॅशबोर्डच्या पोटात बसलेल्या एका पंख्याची. एसी लावा नाहीतर हीटर लावा, समोरच्या जाळीतून अंगावर जो वारा येतो तो या पंख्याचा. गॅरेजमध्ये त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

“एसी नसला तर काय अडलंय? काचा खाली केल्या की झालं!” असे म्हणणाऱ्या पुष्कळजणी आहेत. उन्हाळ्यात ते एक वेळ चालून जाईल. पण गणपतीला कोकणात निघालात, आंबा नाहीतर कुंभार्ली घाट उतरताना पाऊस कोसळायला लागला, गाडीत पाच माणसे, त्यांचे ओले कपडे आणि सगळ्या काचा बंद. श्वासाची वाफ गार काचेवर जमते आणि बघता बघता समोरची काच आतून पांढरी होते. पदराने पुसली तर मिनिटाभरात पुन्हा तशीच. वायपर फक्त बाहेरचे पाणी काढतो. आतली वाफ घालवायला काचेवर कोरडा वारा लागतो, आणि तो वारा देणारा ब्लोअर नेमका त्याच दिवशी रुसला तर वळणावर समोरून येणारी एसटी दिसायची कशी? तेव्हा ब्लोअरचे दुखणे ही चैनीची बाब समजू नये.

वायपरचे पेटंट १९०३ मध्ये अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी घेतले होते. काचेच्या बाहेरच्या बाजूचा विचार एका बाईने केला, तर आतल्या बाजूकडे आपण लक्ष द्यायला काय हरकत आहे?

आधी हे मनात पक्के करा

वारा वेगळा आणि गारवा वेगळा. या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य लक्षात ठेवा.

ब्लोअर बाहेरची किंवा गाडीतलीच हवा ओढून घेतो. बहुतेक नव्या गाड्यांत ती आधी एका फिल्टरमधून गाळली जाते. मग ती एसीच्या कूलिंग कॉइलवरून जाते. पुढे इंजिनाचे गरम पाणी खेळवलेली एक छोटी जाळी असते, ती म्हणजे हीटर. आतल्या झडपा सरकतात तशी हवा गार किंवा गरम होते आणि तोंडावर, पायांवर नाहीतर काचेवर सोडली जाते. विजेवरच्या गाडीत इंजिन नसते, तिथे हीटर विजेवर चालतो; ब्लोअर मात्र तिथेही असतोच.

आता वारा भरपूर येतो पण गार लागत नाही, तर दोष एसीकडे. वाराच येत नाही, तर दोष ब्लोअरकडे किंवा त्याच्या वाटेत. वारा नसताना “गॅस भरून बघू या,” असे कोणी म्हणाले तर सरळ नको म्हणा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा रोज जळत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो किंवा कुठे गळती असली तर कमी होतो. पंखा फिरवणे हे त्याचे कामच नव्हे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. गाडीत पंखे दोन ठिकाणी असतात. एक आतला, म्हणजे आपला ब्लोअर. दुसरा बॉनेटखाली, रेडिएटरजवळचा. गॅरेजात दोघांनाही ‘फॅन’च म्हणतात. चालत्या गाडीत एसी छान गार लागतो पण सिग्नलला उभे राहिले की कोमट होतो, अशी तक्रार असेल तर बॉनेटखालचा पंखा तपासायला सांगा. नुसते “फॅन बघा” म्हणालात तर भलताच पंखा उघडला जाईल.

पाच मिनिटांची तपासणी

दुपारची निजानीज झाली की शांतपणे हे करा. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. चावी ‘ऑन’वर फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. बटणाची गाडी असेल तर ब्रेक आणि क्लच न दाबता बटण दाबावे. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर एवढ्यावर चालतो आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. मात्र पाच मिनिटांहून जास्त वेळ चालवू नये, बॅटरी उतरते. इंजिन सुरू केल्याशिवाय ब्लोअर चालतच नसेल, तर इंजिन उघड्यावरच सुरू करावे. बंद गॅरेजात कधीही नाही. धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

आता पंख्याचे बटण एक, दोन, तीन, चार असे फिरवत जा. प्रत्येक आकड्यावर वारा येतो का, आवाज येतो का, हे कागदावर लिहून ठेवा. मग वारा तोंडावर, पायांवर आणि काचेवर फिरवून पाहा. अर्धे निदान इथेच होते.

फक्त शेवटच्या आकड्यावर चालतो

पूर्वी भिंतीवर पंख्याचे मोठे चौकोनी रेग्युलेटर असत, आठवतात ना? हात लावला तर गरम लागायचे. आत तारेची कॉइल असे. कमी आकड्यांवर वीज त्या तारेतून अडत अडत जायची, पाचावर थेट जायची. तार जळाली की पंखा फक्त पाचावर फिरायचा.

गोल बटण फिरवायच्या पुष्कळ गाड्यांत नेमकी हीच रचना असते. त्या भागाला ‘रेझिस्टर’ म्हणतात. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या आकड्यावर चालत असेल तर बहुतेक वेळा हा रेझिस्टर गेलेला असतो. ब्लोअरच्या मोटरीपेक्षा तो पुष्कळच स्वस्त आणि बदलायला सोपा. मोटर शेवटच्या आकड्यावर जोरात फिरते, म्हणजे ती जिवंत आहे. तेव्हा “पूर्ण मोटर बदलावी लागेल,” असे सांगितले तर आधी रेझिस्टर तपासलात का, हे जरूर विचारा.

रेझिस्टर जळतो तरी का? तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे येणाऱ्या वाऱ्याने थंड राहतो. फिल्टर तुंबून वारा कमी झाला, किंवा मोटर जड फिरू लागून जास्त वीज ओढू लागली, की तो तापतो. नवा बसवून महिन्याभरात पुन्हा जळाला तर मूळ कारण तसेच राहिले आहे असे समजावे.

आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी एक इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तो बिघडला तर ब्लोअर एकदम बंद पडतो, एकाच वेगात अडकतो किंवा गाडी बंद केल्यावरही फिरत राहतो. शेवटचा प्रकार दिसला तर गाडी तशीच ठेवून झोपू नका; रात्रीतून बॅटरी संपेल.

कोणत्याच आकड्यावर चालत नाही

इथे पहिला मान फ्यूजचा. गाडीच्या माहितीपुस्तकात फ्यूजच्या पेटीचा नकाशा असतो. गाडी बंद करून ब्लोअरचा फ्यूज काढा, उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर तो गेला. हा फ्यूज साधारण २० ते ४० अँपियरचा असतो. नेहमीच्या चपट्या फ्यूजांत पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. जितक्याचा काढला तितक्याचाच घाला. नवा लगेच पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, गाडी दाखवायला न्या. आणि जास्त आकड्याचा फ्यूज, तार किंवा चांदीचा कागद घालण्याचा विचारही मनात आणू नका.

त्याचे कारण सांगते. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा, तो घरच्या विजेवर अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. गाडीची वीज मात्र १२ व्होल्टची. काही गाड्यांत पूर्ण वेगाला ब्लोअर १५ ते २० अँपियर ओढतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण बेफिकीर असतो, पण एवढ्या प्रवाहाने सैल जोडणी तापते आणि प्लास्टिक वितळते. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर ब्लोअर तिथल्या तिथे बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि सगळ्यांना खाली उतरवा. वास गेला म्हणून पुन्हा लावून बघू नये.

फ्यूज शाबूत असेल तर रिले, बटण, वायरिंग किंवा मोटर यांपैकी काहीतरी. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे. मोटरीपर्यंत वीज पोहोचते का, हे तो टेस्ट लॅम्प लावून पाहतो. वीज पोहोचते, अर्थिंगही ठीक आहे आणि तरी फिरत नाही, तर मोटर गेली. वीजच पोहोचत नसेल तर मोटर बदलून काय उपयोग?

कधी चालतो, कधी नाही

मिक्सरचे कार्बन झिजले की तो कसा अडत अडत चालतो, ठिणग्या उडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ब्लोअरच्या पुष्कळ मोटरींतही तसेच कार्बन असतात. खड्ड्यात गाडी आदळली की ब्लोअर सुरू होतो, किंवा डाव्या बाजूच्या ड्रॉवरखाली हाताने हलकी थाप मारली की चालतो, तर कार्बन झिजले आहेत किंवा जोडणी सैल आहे. थापेवर गाडी आठवडाभर चालेल, घाटात मात्र दगा देईल. दुरुस्ती लांबवू नका.

आवाज करतो

टकटक किंवा फडफड आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर पंख्यात पान, काडी किंवा कागद अडकला आहे. कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांकडे हे हटकून होते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिथून बारीक पाने आत जातात. ही जाळी आठवड्यातून एकदा ब्रशने झाडावी. किरकिर, चिरचिर आवाज म्हणजे बेअरिंग किंवा बुश कोरडे पडले. घरघर होऊन डॅशबोर्ड थरथरत असेल तर पंख्याचा तोल गेला आहे.

आणि उंदीर! महिनाभर गाडी न हलवता ठेवली तर फिल्टरमागे उंदराने कापूस-कागदाचे घरटे केलेले सापडते, वायरी कुरतडलेल्या असतात. गाडीत शेंगदाण्याची टरफले आणि पोरांच्या बिस्किटांचा चुरा राहू देऊ नका.

आवाज आहे, वारा नाही

मोटर जोरात फिरते पण जाळीतून फुंकर मारल्याएवढाच वारा येतो. इथे पहिला संशयित फिल्टर. पुष्कळ गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ड्रॉवरमागे असतो. ड्रॉवर रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली येतो आणि फिल्टरचे झाकण दिसते. नेमकी रीत माहितीपुस्तकात पाहा. बाहेर काढून बाहेरच झटका, घरात नको. करडा, काळा, कुबट झालेला फिल्टर धुऊन वापरू नये. बहुतेक फिल्टर कागदासारख्या कापडाचे असतात, धुतल्यावर बसतात. नवा घाला आणि त्यावरचा बाण जुन्याच्या बाणाप्रमाणे ठेवा. आपल्याकडच्या धुळीत वर्षातून एकदा बदलणे बरे. खडीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी आणखी लवकर पाहावा.

वारा सुरुवातीला चांगला असतो, तासाभरात मंदावतो, एसी बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा पूर्ववत होतो, असे झाल्यास कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. जुन्या फ्रीजच्या फ्रीझरला बर्फाचे लिंपण चढायचे, तसेच. तुंबलेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो, म्हणून तो आधी पाहून मग एसीवाल्याकडे जा.

वारा फक्त पायांवर येतो, काचेवर फिरवला तरी फिरत नाही, तर आतली झडप अडकली आहे. पावसाळ्याच्या दृष्टीने हे दुखणे बंद ब्लोअरइतकेच वाईट.

हीटरचे आणि वासाचे

वारा आहे पण हीटर गरम होत नाही, तर इंजिनाचे कूलंट कमी असू शकते. बॉनेटखालच्या पांढऱ्या डबीवर खुणा असतात. इंजिन पूर्ण गार असताना पाहा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढणे. काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि गोडसर वास येतो, तर हीटरच्या जाळीतून कूलंट गळते आहे, ताबडतोब दाखवा.

एसी लावल्यावर ओल्या फडक्यासारखा वास येत असेल तर कॉइल ओली राहून बुरशी धरते आहे. घर यायच्या आधी पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, कॉइल सुकते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते ते योग्यच. ते पाणी डाव्या सीटच्या पायाखाली साचत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

स्वतः काय करू नये

डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात, हात लावू नका. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी केबलींना तर मुळीच नाही. जाळ्यांतून पाण्याचा फवारा आत मारू नये.

घाटातच बंद पडला तर

दोन्ही बाजूंच्या काचा तीन-चार बोटे खाली करा, अंगावर थोडे पाणी आले तरी येऊ द्या. हवेचे बटण ‘बाहेरची हवा’ यावर आणि दिशा काचेवर ठेवा. गाडी चालू असताना थोडी हवा आपोआप आत शिरते. काच पुसायला पदर किंवा तळहात नको, कोरडे सुती फडके जवळ ठेवा. तरी दिसेनासे झाले तर वळण टाळून रस्त्याच्या सुरक्षित बाजूला थांबावे आणि चारही इंडिकेटर लावावेत. उशीर झाला म्हणून गणपती रागावत नाही.

ब्लोअर चांगला असेल तर पावसात एसी आणि ब्लोअर दोन्ही लावून वारा काचेवर सोडा, बाहेरची हवा घ्या. एसी हवेतला दमटपणा काढतो, म्हणून काच लवकर साफ होते. गारठा वाटला तर तापमान वाढवा, एसी चालूच ठेवा. काच बाहेरून धूसर झाली तर ती फार गार झाली आहे; तापमान वाढवा, वायपर फिरवा.

गॅरेजात काय बोलावे

“एसी चालत नाही” एवढेच सांगाल तर समोरचा सगळे उघडणार आणि बिलही सगळ्याचे होणार. “साहेबांना पाठवा ना,” असेही म्हणेल. तेव्हा आपण लिहिलेला कागद काढावा. “एक, दोन, तीनवर वारा नाही, चारवर आहे. फ्यूज पाहिलाय, ठीक आहे. फिल्टर नवा आहे. आधी रेझिस्टर बघा, आणि काढलेला भाग मला परत द्या.” एवढे स्पष्ट सांगितल्यावर उगाच पाल्हाळ लागत नाही. बिल हातात घेताना प्रत्येक आकड्यावर ब्लोअर चालवून पाहा, मगच पैसे द्या.

जाता जाता : पेलाभर पाण्यात चमचाभर शाम्पू घालून त्यात फडके भिजवा, घट्ट पिळून समोरची काच आतून पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने चकचकीत करा. वाफ कमी धरते. थर जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्यांची तिरीप पसरते, म्हणून शेवटचे पुसणे मन लावून करावे.

पुढच्या आठवड्यात गाडीतल्या ओल्या सीटकव्हरांचा आणि पायपुसण्यांचा कुबट वास कसा घालवावा, ते पाहू.